ओळी किती, नोंदी किती?

२०२० साली, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात, इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. अशा फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून गेल्या. रुग्णांना त्यांचे निकाल कळले, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. आलेल्या आणि भरलेल्या ओळी मोजून ताडून पाहिल्या, तर अशी गळती लगेच ध्यानात येते.

पण हजारो ओळी मोजायच्या कशा? युनिक्स संगणकप्रणालीत १९७१ पासून ‘डब्ल्यूसी’ ही छोटीशी आज्ञा आहे. लिनक्सवरही ती मिळते. टर्मिनलच्या खिडकीत तिची दोन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून उणे चिन्ह व त्याला जोडून ‘एल’, पुन्हा जागा सोडून फाइलचे नाव लिहायचे. ही सर्व अक्षरे लहान लिपीतली हवीत. एंटर दाबताच आकडा समोर येतो.

हा आकडा नेमका कशाचा? सीएसव्ही प्रकारच्या फाइलमध्ये तक्ता साध्या मजकुराच्या रूपात असतो. दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम आणि ओळ संपली की ‘नवी ओळ’ हे अदृश्य चिन्ह. आस्की संकेतावलीत त्याचा क्रमांक १० आहे. डब्ल्यूसी फक्त ही चिन्हे मोजते. तक्ता तिला कळत नाही. म्हणून पहिली ओळ रकान्यांच्या शीर्षकांची असेल, तर नोंदींपेक्षा आकडा एकने जास्त येतो. शेवटच्या ओळीनंतर हे चिन्ह नसेल, तर एकने कमी येतो. अवतरणचिन्हांतला पत्ता दोन ओळींत लिहिलेला असेल, तर एकच नोंद दोनदा मोजली जाते. अशा वेळी सीएसव्हीचे नियम जाणणारे साधन वापरावे लागते. पायथन भाषेत ते तयार मिळते.

वर्गात हे करून पाहता येईल. शीर्षकांची एक ओळ आणि पाच मुलांच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा. शेवटी एंटर दाबू नका. आज्ञा ५ हे उत्तर देईल. उत्तर बरोबर आहे, पण मोजणी बरोबर आहे का? शीर्षकामुळे वाढलेला एक आणि शेवटी सुटलेला एक, यांनी एकमेकांना खोडले आहे. आता शेवटी एंटर दाबा, फाइल जतन करा, पुन्हा मोजा आणि आकडा का बदलला, हे मुलांनाच सांगू द्या.