पुढील चाकांची जुळणी आणि निलंबन-रचना

ऊसतोडीच्या हंगामात वारणा खोऱ्यातील रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रॅक्टर व ट्रक यांची वर्दळ वाढते. त्यांना वाट देताना लहान मोटारींना डांबराची कड सोडून खाली उतरावे लागते आणि पुन्हा वर चढावे लागते. या धक्क्यांचा भार मुख्यतः पुढील चाकांवर व त्यांच्या सांध्यांवर पडतो. कालांतराने टायर एका कडेने झिजू लागतो, अथवा गाडी एका बाजूस ओढू लागते, आणि मालक ती अलाइनमेंटसाठी घेऊन येतो. हल्लीचे यंत्र प्रत्येक कोनाचा आकडा पडद्यावर दाखविते. परंतु तो कोन बदलण्याची सोय गाडीत आहे किंवा नाही, हे यंत्र ठरवीत नसून निलंबनाची म्हणजेच सस्पेन्शनची रचना ठरवीत असते. आपल्या परिचयाच्या चार गाड्यांच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कोनांचा विचार

समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जितके कललेले दिसते, तो कॅम्बर. चाक ज्या आसाभोवती वळते, त्या आसाचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. आसाचा माथा मागे कललेला असला, म्हणजे वळणानंतर चाक सरळ होण्यास साहाय्य होते. त्याच आसाचा समोरून दिसणारा आतील कल म्हणजे किंग-पिनचा कल. हा कल व कॅम्बर यांच्या बेरजेस आपण संयुक्त कोन म्हणू. दोन्ही चाकांच्या पुढील कडांतील व मागील कडांतील अंतरांचा फरक म्हणजे टो.

टोमधील चूक किती महाग पडते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. ३३० मिलिमीटर व्यासाच्या म्हणजे १३ इंची रिमवर टो ३ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्यास सुमारे ०.२६ अंशाची चूक येते. भौमितिक हिशेबाने प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक सुमारे साडेचार मीटर आडवे घासले जाते. टायरच्या नक्षीवर हात फिरविल्यास एका दिशेने धार लागते, ती यामुळेच. कॅम्बर चुकल्यास टायरची एकच कड झिजते. कॅस्टरमुळे झीज फारशी होत नाही. मात्र डाव्या-उजव्या चाकांत त्याचा फरक पडला, तर गाडी ओढते.

२. अखंड आस : जीप

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत ज्या विलीज जीपची जुळणी आरंभिली, तिच्या पुढील बाजूस अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. येथे कॅम्बर आसाच्या घडणीतच ठरलेला असतो. कॅस्टर बदलावयाचा तर पाटा व आस यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवितात. टो टाय-रॉडची लांबी फिरवून साधतात. या गाडीच्या बाबतीत भाराचाही विचार करावा लागतो. दोन आसांमधील अंतर २.०३ मीटर असताना मागील बाजू ५ सेंटिमीटर दबली, तर संपूर्ण सांगाडा सुमारे १.४ अंशाने मागे कलतो आणि कॅस्टर तितकाच वाढतो. वडापसाठी माणसांनी भरलेल्या जीपचे सुकाणू जड का लागते, याचे एक कारण येथे सापडते. यास्तव मोजमाप निर्मात्याने सांगितलेल्या भारावरच घ्यावे.

३. दोन भुजांची रचना : फियाट व ॲम्बॅसेडर

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११००, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली, तिच्या प्रत्येक पुढील चाकास वरची व खालची अशा दोन भुजा आणि गुंडाळी स्प्रिंग होती. दोन भुजांच्या अनेक गाड्यांत भुजेचा दांडा व सांगाडा यांच्यामध्ये पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालतात. दोन्ही टोकांच्या चकत्या सारख्याच बदलल्या तर कॅम्बर बदलतो; एका टोकाच्या वाढवून दुसऱ्या टोकाच्या कमी केल्या तर कॅस्टर बदलतो. वरच्या व खालच्या सांध्यांतील अंतर २५ सेंटिमीटर असेल, तर १ मिलिमीटर चकतीने कॅम्बर सुमारे ०.२३ अंश सरकतो.

ॲम्बॅसेडरमध्ये गुंडाळी स्प्रिंगेऐवजी पिळाची दांडी, म्हणजे टॉर्शन बार होता. दांडी सैल पडून गाडीची एक बाजू खाली बसली, म्हणजे भुजांचा कल बदलून कॅम्बरही बदलतो. म्हणून अशा गाडीत प्रथम उंची साधावी व मगच कोन मोजावेत.

४. मॅकफर्सन स्ट्रट : मारुती ८००

१९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट होता. या रचनेत वरची भुजा नाही. स्ट्रटचा माथा थेट बॉडीस जोडलेला असतो. मारुतीत नेहमीच्या समायोजनासाठी केवळ टो उपलब्ध असतो. मग कॅम्बर मोजावयाचाच कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर असे की, समायोजनाची सोय नसलेला कोन बिघडला, तर काहीतरी वाकले आहे अथवा जागचे हलले आहे. कॅम्बर चुकला, पण संयुक्त कोन योग्य आला, तर स्ट्रटचा माथा किंवा खालची भुजा सरकली असण्याचा संभव आहे. संयुक्त कोनच चुकला, तर स्ट्रट किंवा चाकाचा नकल वाकलेला असावा. ही कसोटी दोन भुजांच्या गाडीसही लागू पडते. कारण चकत्यांनी कॅम्बर बदलला तरी संयुक्त कोन बदलत नाही.

५. कामाचा क्रम

टायरमधील हवा, चाकांच्या बेअरिंगमधील ढिलाई, बॉल जॉइंट, टाय-रॉडची टोके व गाडीची उंची यांची तपासणी प्रथम करावी. त्यानंतर कॅस्टर, मग कॅम्बर व सर्वांत शेवटी टो, असा क्रम ठेवावा. कारण आधीच्या दोहोंत केलेला बदल टो बिघडवितो. कॅस्टर प्रत्यक्ष मोजता येत नाही. चाक २० अंश बाहेर व २० अंश आत वळवून कॅम्बरमध्ये पडणारा फरक सुमारे दीडपट करून तो काढतात. दोन टाय-रॉड असलेल्या गाडीत टो साधताना दोन्ही बाजू सारख्याच फिरवाव्यात, म्हणजे सुकाणूचे चक्र मध्यावर राहते.

वाकलेला स्ट्रट तसाच ठेवून केवळ टो जुळविला, तर कागदावर टोचा आकडा बरोबर येतो; परंतु टायरची कड झिजतच राहते आणि धक्का खाल्लेला भाग त्याच गाडीत पुन्हा घाटात जातो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी अहवालात केवळ बदललेले कोन न लिहिता, न बदलता येणारे कोन व त्यांवरून काढलेला निष्कर्षही लिहावा, अशी अपेक्षा आहे.