‘लेन्तो’, ‘लार्गो’ आणि आपलं ‘लांब’

गैरसमज : स्पॅनिश ‘देस्पासितो’ म्हणजे संथ, तेव्हा संथ गाडीलाही तेच विशेषण लावायचं.

वस्तुस्थिती : लुईस फोन्सीच्या २०१७ च्या गाण्याने हा शब्द घरोघरी पोचवला, पण ते विशेषण नव्हेच. ‘देस्पासिओ’ हे क्रियाविशेषण आणि ‘देस्पासितो’ हे त्याचं लाडिक रूप. बोलावं, चालावं ‘देस्पासिओ’. गाडी मात्र ‘त्रेन लेन्तो’. आपलं ‘संथ’ नामालाही चालतं आणि क्रियापदालाही, त्यामुळे हा भेद चटकन ध्यानात येत नाही. गंमत म्हणजे उलटी सूट आहे: ‘आब्ला लेन्तो’, म्हणजे हळू बोलतो, असं लॅटिन अमेरिकेत सर्रास म्हणतात. तिथे काही देशांत ‘देस्पासिओ’चा अर्थ ‘हलक्या आवाजात’ असाही होतो, अगदी आपल्या ‘हळू बोल’सारखा.

गैरसमज : मराठी माणसाला लिंग-वचन अंगवळणी पडलेलं, त्याला काय अवघड?

वस्तुस्थिती : मोठा-मोठी-मोठे अंगवळणी पडलंय, खरं. पण नेमके लांब, संथ, दीर्घ हे शब्द मराठीत बदलत नाहीत. हातही लांब, रांगही लांब. स्पॅनिशमध्ये हात ‘ब्रासो लार्गो’, रांग ‘कोला लार्गा’. त्यात नामांची लिंगंही जुळत नाहीत: आपली नदी स्त्रीलिंगी, त्यांची ‘रिओ’ पुल्लिंगी, म्हणून ‘रिओ लेन्तो’.

गैरसमज : ‘लार्गो’ म्हणजे इंग्रजी ‘लार्ज’.

वस्तुस्थिती : ‘लार्गो’ म्हणजे लांब; मोठ्याला ‘ग्रान्दे’. पोर्तुगीज येणाऱ्या गोंयकारांनी तर जास्तच जपावं, त्या भाषेत ‘लार्गो’ म्हणजे रुंद. आणि स्टेशन लांब असेल, तर ‘लार्गो’ अजिबात नको, तिथे ‘लेखोस’.

गैरसमज : सिनेमा रटाळ झाला, तर ‘एस लार्गा’ म्हटलं की भागलं.

वस्तुस्थिती : त्याने फक्त लांबी कळते. कंटाळा कळवायचा, तर ‘से मे इसो लार्गा’. यातला ‘मे’ हा आपल्या ‘मला लांबल्यासारखा वाटला’मधल्या ‘मला’चंच काम करतो, म्हणून ही रचना इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून सोपी जाते.

गैरसमज : ‘आहे’ला ‘सेर’ लावा की ‘एस्तार’, फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : ‘एस्तास लेन्तो’ म्हणजे आज जरा मंदावलायस. ‘एरेस लेन्तो’ म्हणजे तू मुळातच संथ, आणि ऐकणारा त्यातून मंदबुद्धी असाही अर्थ काढू शकतो. समोरचा भरधाव बोलू लागला, तर ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’ एवढंच म्हणा.