सामाईक भिंतीचा पंचनामा

गिरणगावातील एका सरकारी चाळीच्या पिछाडीस लागून असलेल्या खाजगी घराच्या भिंतीचा पंचनामा व्हावयाचा होता, आणि त्याच्या पूर्वतयारीसाठी घरमालकीणबाईंनी बोलाविलेल्या एका सेवानिवृत्त ओव्हरसियरांचे काम मला जवळून पाहावयास मिळाले. भिंतीस लोणा लागलेला, गिलाव्याने पोपडे धरलेले, कपाटाची पाठ बुरशीने काळवंडलेली. परंतु ओव्हरसियरसाहेबांनी या नुकसानीकडे आरंभी लक्षच दिले नाही. काठीच्या टोकाने भिंत खालून वर ठोकीत, जेथे आवाज बद्द येई तेथे खडूची खूण करीत ते गेले, आणि त्या खुणा जोडल्यावर जी आकृती उमटली ती माथ्याशी रुंद व खाली निमुळती होती. जमिनीतून चढणारी ओल बहुधा तीन-चार फुटांवर थांबते, पावसाची ओल उन्हाळ्यात ओसरते. ही मात्र ऐन वैशाखातही हाताला लागत होती, म्हणजे पाणी रोजच्या वापराचे होते.

चाळीच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या संमतीने मोरीत हिरवा रंग कालवलेले पाणी सोडण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी खडूच्या रेषेच्या आत तीच छटा उतरली. भिंतीतल्या तड्यावर त्यांनी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांस सिमेंटने बसवून तिच्याशेजारी तारीख लिहिली; तडा हलता असेल तर काच तडकते, आणि मग तो जुना आहे असे म्हणावयास जागा राहत नाही.

मोरी दाखविणाऱ्या आजी म्हणाल्या, “आमचेही अर्ज पडूनच आहेत हो साहेब, नळ गळतो म्हणून.” या एका वाक्यात तक्रारीची खरी दिशा होती. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने २०७ चाळी उभारल्या, तेव्हापासून मजुरांना एका खोलीचा निवारा देणारे सरकार हेच त्यांचे घरमालक झाले. मोडक्या नळाबद्दल खालच्या शेजाऱ्याने वरच्या भाडेकरूशी भांडावे, यासारखा अन्याय नाही. असे असूनही कचेरीत बाईंना पहिला प्रश्न आला तो, आपण भाडेकरू आहात काय, हा. आणि नाही म्हणताच अर्ज परत सरकविला गेला.

वास्तविक १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ मध्ये, धोकादायक इमारतीत राहणाऱ्यांबरोबर तिच्या परिसरातील माणसांनाही संरक्षण दिलेले आहे. ओव्हरसियरसाहेबांनी म्हणूनच नवा अर्ज स्वतः सांगून लिहविला: ओलीचे स्थान, उंची, रंगाच्या परीक्षेची तारीख, तड्याची रुंदी, नुकसानीची यादी; ‘त्रास होतो’ हे शब्द त्यांनी खोडावयास लावले. अर्जाची एक प्रत महापालिकेच्या विभाग कचेरीत देऊन आवक क्रमांकाची पोच घेण्यात आली. दाव्याची वेळ आलीच, तर सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, म्हणून तिचा मसुदाही त्याच बैठकीत झाला.

पंचनाम्याच्या दिवशी आलेल्या कारकुनाने ‘किरकोळ ओल’ असा शेरा मांडण्यास प्रारंभ केला, तेव्हा आजी जिना उतरून आल्या, रंगाचे पाणी आपल्याच मोरीत सोडल्याचे त्यांनी सांगितले, आणि तो जबाब नोंदवून त्यावर पंच म्हणून आलेल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेण्यात आल्या.