यंत्राची भाषा आणि कामगाराची भाषा

नाशिकहून आग्रा रोडने वीसेक किलोमीटर गेले की ओझर लागते. तेथे 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला. संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील या कारखान्यात सोव्हिएत परवान्याने मिग-21 विमाने बनू लागली. पुढे मिग-27 आली आणि या शतकात सुखोई-30 एमकेआय. मिग-21 हे सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. परंतु विमानांबरोबर आपल्या जिल्ह्यात जी आणखी एक पाहुणी आली, ती रशियन भाषा, अजून निवृत्त झालेली नाही. म्हणून प्रश्न असा की, सरकारी नोकरांना परकी भाषा शिकवावयाची तर कोणाला, किती आणि कशी?

कोणी म्हणेल, भाषांतरकार आहेत, मग कामगाराला भाषा कशाला? एक साधे उदाहरण घेऊ. अपूर्णांक लिहिताना आपण दशांश बिंदू देतो. रशियन पद्धतीत त्या जागी स्वल्पविराम असतो. आराखड्यावर 1,250 असा आकडा असेल, तर आपला माणूस साडेबाराशे वाचील. लिहिणाराच्या मनात मात्र सव्वा असेल! अक्षरांचेही तसेच. इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर तेथे ‘र’ असते, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’ आणि ‘बी’सारखे दिसणारे ‘व’. भाषांतरकार कचेरीत बसतो. यंत्रावरील पाटी वाचावयाची वेळ येते ती हातात पाना धरलेल्या माणसावर.

याचा अर्थ प्रत्येक फिटरने रशियन कादंबऱ्या वाचाव्यात असा नव्हे. फिटरला अक्षरे, आकडे आणि आपल्या कामातले शे-दोनशे शब्द पुरेत. तपासनिसाला सूचनांची वाक्ये समजली पाहिजेत. परदेशी तज्ज्ञाशी बोलणाऱ्या अभियंत्याला संभाषण आले पाहिजे. गरज तीन प्रकारची, तर अभ्यासक्रमही तीन हवेत.

भाषा शिकविण्याचा खर्च सरकारला नवा नाही. 1800 साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, ते कंपनी सरकारच्या गोऱ्या नोकरांना देशी भाषा शिकविण्यासाठी. तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरीने 1805 साली मराठीचे व्याकरण छापले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली मुंबई सरकारच्या आश्रयानेच निघाला. राज्य करावयाचे तर रयतेची भाषा हवी, हे त्या सरकारने ओळखले होते. स्वराज्यातही 1948 साली संरक्षण खात्याने दिल्लीस परकी भाषांची शाळा काढली. परराष्ट्र सेवेतील नव्या अधिकाऱ्याला तर एक परकी भाषा शिकून परीक्षा द्यावीच लागते. हे योग्यच आहे. पण जी सोय अधिकाऱ्याला कर्तव्य म्हणून मिळते, ती कामगाराला मेहेरबानी म्हणून का मिळावी?

आता शिकविण्याची रीत. आपल्याकडे परकी भाषा इंग्रजीतून शिकविण्याची सवय पडली आहे. रशियनच्या बाबतीत हा उलटा घास आहे. रशियनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. इंग्रजीत तो, ती आणि ते या तिघांनाही ‘केम’ एवढेच. रशियन मनुष्य म्हणतो, ‘ऑन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो’; आपण म्हणतो, तो आला, ती आली, ते आले. घराला, घरात, घराने अशी आपली रूपे बदलतात, तशी तेथे सहा विभक्त्यांत बदलतात. दोनला ‘द्वा’, तीनला ‘त्री’ म्हणतात, हे ऐकून संस्कृत न शिकलेल्यालाही ओळख पटते. ज्याला इंग्रजी धड येत नाही म्हणून वर्गाबाहेर ठेवले जाते, त्याच्या तोंडी या भाषेचे अर्धे व्याकरण आधीच बसलेले असते!

तेव्हा मागणी मोजकी आहे. वर्ग मराठीतून घ्यावेत, कामाच्या वेळात आणि पगारी घ्यावेत. परीक्षा उतरणाऱ्यास भत्ता द्यावा; नापास होणाऱ्यास शिक्षा नसावी. पाना, मोजपट्टी ही हत्यारे कारखाना देतो. ज्या कामाला भाषा लागते, तेथे भाषाही हत्यारच आहे. ते कामगाराने स्वतःच्या खिशातून आणि झोपेतून विकत आणावे, हे न्यायाचे नाही.