सवय म्हणजे लस नव्हे

शवविच्छेदन कोण करतो? कागदावर डॉक्टर. प्रत्यक्षात अनेक ग्रामीण रुग्णालयांत सुरी, करवत आणि सुई-दोरा सफाई कामगाराच्या हाती असतो, डॉक्टर दूर उभे राहून टिपणे घेतात. हा कामगार बहुधा कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्याच माथी आज बेवारस प्रेते आली आहेत. फरक एवढाच, की तेव्हा गावकी होती, आता कंत्राटदार आहे!

वास आणि भीती मारण्यासाठी अनेक जण आधी दारू घेतात. साहेब म्हणतात, 'त्यांना सवय असते.' सवय म्हणजे लस आहे काय?

'एड्सचे प्रेत' म्हटले की कामगाराचा हात थरथरतो. इतर प्रेतांना तो उघड्या हाताने भिडतो. इथेच घात होतो. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तर हजारात सुमारे ३ जणांना लागण होते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या शंभरातील ६ ते ३० जणांना ती होऊ शकते. फुप्फुसे कापताना क्षयाचे जंतू हवेत उडतात, ते वेगळेच. कोणत्या देहात काय आहे, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक देहाला सारखीच काळजी हवी: जाड हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, अॅप्रन, गमबूट.

हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची, सहा महिन्यांत पूर्ण होणारी. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळतात.

हे उपकार नव्हेत. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, संरक्षक साधने, दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी देणे २०१६च्या नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. शवागारातील कामगार त्यातून सुटत नाही, कंत्राटी असला तरी!

२०२०मध्ये कोरोनाच्या भीतीने सख्खे नातेवाईक लांब राहिले, तेव्हा हेच हात पुढे झाले. त्यांना 'योद्धे' म्हटले गेले. आता कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा: शवागारातील कामगाराचे लसीकरण कार्ड दाखवा. कार्ड नसेल, तर निवेदन तिथेच लिहावे.