होडीला वीज कुठून? : एका तरीच्या निमित्ताने

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीवर तर चालवणारे ओळखीचे तांडेल घरी आले. चाळीस उतारूंची लाकडी लाँच आणि चाळीस अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन, यावर त्यांचे घर चालते. इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटरी बसवायची, सोबतीला जनरेटर ठेवायचा, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी कर्ज काढावे लागणार होते. “भाऊ, तुम्ही बोटींवर एवढं वाचता, तर जनरेटर केवढा घेऊ तेवढं सांगा,” ते म्हणाले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जुन्या जहाजांचा अभ्यास हा माझा पंचवीस वर्षांचा नाद, पण तो कागदावरचा. तरी मी लगेच उत्तर काढले. चाळीस अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॉट. जनरेटर विकले जातात केव्हीएमध्ये, आणि साधारणपणे १० केव्हीएचा जनरेटर ८ किलोवॉट देतो. तेव्हा चाळीस केव्हीएचा जनरेटर घ्या, असे मी लिहून दिले. तांडेलांनी कागद पाहिला आणि विचारले, “एवढं धूड ठेवलं तर माणसं कुठं बसवू?”

प्रश्न जागेचा होता, पण माझी चूक त्याहून मोठी होती. ती समजायला मला शंभर वर्षे मागे जावे लागले.

डिझेल आणि वीज यांची जोडी जहाजावर प्रथम जमली ती रशियात. बाकूचे तेल व्होल्गा नदीतून वर नेण्यासाठी नोबेल बंधूंच्या कंपनीने १९०३ साली ‘वांदाल’ नावाची तेलवाहू बोट चालवली. तिच्यात प्रत्येकी १२० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने होती. त्या काळचे डिझेल इंजिन उलटे फिरत नसे, त्यामुळे बोट मागे घेता येत नसे. म्हणून इंजिनाने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर मोटर सुलटी-उलटी चालवायची, अशी तोड निघाली. पण विजेचा हा वळसा फुकट नव्हता. जनरेटर, तारा, मोटर, प्रत्येक ठिकाणी थोडी शक्ती उष्णतेत जाते. म्हणून पुढच्याच वर्षीच्या ‘सर्मात’ या बोटीत सरळ जाताना इंजिन थेट पंख्याला जोडले गेले आणि वीज फक्त बोट मागे घेण्यापुरती ठेवली गेली. आजच्या भाषेत पहिली रचना ‘सिरीज’, आणि ‘पॅरलल’ रचनेचे बीज दुसरीत.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. आजही इंजिनाची शक्ती विजेच्या वळशाने पंख्यापर्यंत जाताना पंधरा-वीस टक्के गळते. बोट दिवसभर जनरेटरवरच चालणार असेल, तर या खटाटोपात बचत जवळजवळ नाही. बचत होते ती वीज दुसरीकडून आली तर. म्हणून जनरेटर केवढा, हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, दिवसाला लागते किती?

त्याचे उत्तर पाणी देते. अशा बोटीचा वेग वाढवला की लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या लाँचला पाच नॉट वेगाला दहा किलोवॉट लागतात असे धरले, तर सात नॉटला सुमारे सत्तावीस लागतील. म्हणजे ते चाळीस अश्वशक्तीचे इंजिन ओहोटीच्या ओढीसाठी आणि वाऱ्यासाठी राखलेले होते. रोजच्या फेरीत त्याचा तिसरा हिस्साच खर्ची पडे. बॅटरी असलेल्या बोटीत हा अवघड क्षण बॅटरी सांभाळते. जनरेटरने भरायची असते ती दिवसाची सरासरी तूट. मी मात्र शिखर मोजून जनरेटर ठरवला होता. असा मोठा जनरेटर कायम थोड्या भारावर चालला, तर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी साचते आणि सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन तेल पिऊ लागतात.

मग तांडेलांसोबत बसून नवा हिशेब मांडला. वीस मिनिटांच्या बारा फेऱ्या म्हणजे चार तास, म्हणजे चाळीस युनिट. लोह-फॉस्फेट प्रकारची पन्नास युनिटची लिथियम बॅटरी घेतली, तर तिच्यातले चाळीस युनिट निर्धास्त वापरता येतात आणि वजन सुमारे अर्धा टन होते. शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्याच रिकाम्या कराव्यात, म्हणून तेवढ्याच कामाला ऐंशी युनिटच्या लागतील. त्यांचे वजन दोन टनांच्या पुढे. शिवाय ऐंशी टक्के भरल्यावर त्या विजेचा प्रवाह कमी-कमी घेऊ लागतात, आणि जनरेटर नुसता धडधडत राहतो.

आता आवक. छपरावर चार किलोवॉटची पॅनेल मावतात. कोकणच्या स्वच्छ उन्हात त्यांचे दिवसाला सोळा युनिट धरले. धक्क्यावर सोळा अँपिअरचा साधा सॉकेट मिळाला आणि त्यातून तीन किलोवॉटच ओढले, तरी रात्रीच्या दहा तासांत तीस युनिट होतात. एकूण सेहेचाळीस, खर्च चाळीस. जनरेटरला हात लावायला नको.

पावसाळ्यात पॅनेल पाच युनिटवर आली, तर रोज पाचाची तूट. ती पाच किलोवॉटचा छोटा जनरेटर तासाभरात भरून काढतो. त्याहून वाईट म्हणजे वादळात रात्रभर वीज गेली तर. मग पस्तीस युनिट एकट्या जनरेटरने द्यायचे: सात तास आणि, लिटरला तीन युनिट धरले तर, बारा लिटर डिझेल. बचत शून्य, पण तर बंद पडत नाही. जनरेटर शक्यतो १५०० फेऱ्यांचा घ्यावा. ३००० फेऱ्यांचा हलका व स्वस्त असतो, पण कर्कश असतो आणि लवकर झिजतो.

हे सारे कागदावरच आहे का? केरळात वैकम इथे ‘आदित्य’ ही पंचाहत्तर उतारूंची सौर तर २०१७ पासून चालते. वीस किलोवॉटच्या दोन मोटरी आणि छपरावर वीस किलोवॉटची पॅनेल. तिचे छप्पर रुंद, कारण तिला दोन सांगाडे आहेत. आमच्या लाकडी लाँचला ते सुख नाही. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटी २०२३ पासून धावतात. त्या धक्क्यावर दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होतात आणि डिझेल जनरेटर अडीअडचणीपुरता असतो. दोन्हीकडे बोट बांधताना वीज कुठून येणार हे आधी ठरवले गेले. आपण मात्र जनरेटरच्या दुकानापासून सुरुवात करतो.

तांडेलांनी हिशेबाचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. निघताना म्हणाले, “म्हणजे कर्ज नंतर. आधी धक्क्यावर मीटर.” त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज केला. धक्का एका खात्याचा, खांब दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा. अर्ज अजून फिरतो आहे. जुने इंजिन अजून चालते आहे, आणि चाळीस केव्हीएच्या हप्त्यांतून ते वाचले. मला त्या पहिल्या कागदाची लाज वाटते. तो मी फाडून टाकलेला नाही.