सेलमधला गेम आणि हप्त्याचे पैसे

आज मी मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल बोलणार आहे. "हा आमचा विषय नाही, पोरांचा आहे," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. पैसे आपल्या खात्यातून जातात, म्हणजे विषय आपलाच आहे.

गेल्या वर्षी एका गटाची मासिक बैठक होती. हप्ता भरायची वेळ आली आणि एक ताई गप्पच. तिनं हप्त्यासाठी खात्यात दोन हजार रुपये ठेवले होते. बँकेत पासबुक भरून घेतलं, तर शिल्लक निघाली १२३ रुपये. आम्ही दोघी पासबुक घेऊन बसलो. ८९ रुपये अकरा वेळा गेले होते आणि ४४९ रुपये दोन वेळा. बेरीज १,८७७. सगळे पैसे मोबाईलवरच्या एका फुकटच्या गेममध्ये गेले होते. मुलगा नववीत. आईचा पिन त्याला पाठ, कारण रिचार्ज आणि सिलिंडरचे पैसे तोच भरायचा. त्यानं चोरी केली असंही म्हणता येईना. "गेम फुकटच आहे," एवढंच तो रडत सांगत होता.

आणि ते खरंही होतं. गेम फुकट होता, पण गेमच्या आत दुकान होतं. इथूनच समजून घेऊ.

आपण जत्रेला जातो. पाळण्यात बसायचं तर तिकीट काढतो, फेऱ्या घेतो, उतरतो. व्यवहार संपला. आता समजा एका तंबूवर पाटी आहे, 'प्रवेश मोफत'. आत गेल्यावर बसायला पैसे, पुढं सरकायला पैसे, शेजाऱ्यापेक्षा उंच दिसायला पैसे. बाहेर येईपर्यंत पाळण्याच्या दसपट गेलेले असतात. गेमचेही असेच दोन प्रकार आहेत. एक, एकदाच पैसे देऊन विकत घ्यायचा. दुसरा, फुकट घ्यायचा आणि आत थोडे थोडे पैसे देत राहायचं. आतले पैसे रुपयांत दिसत नाहीत. त्यांना हिरे, नाणी अशी नावं असतात. रुपया हिऱ्यात बदलला की किती गेले याचं भान पोराला राहत नाही, आणि मोठ्यांनाही राहत नाही.

जुन्या नोकिया फोनवरचा सापाचा गेम आठवतो ना? १९९७ साली नोकियानं तो फोनमध्ये दिला. तो फोनबरोबरच यायचा आणि नंतर कधी एक रुपया मागत नव्हता. आपल्यातल्या कितीजणी एस.टी.ची वाट बघत तो खेळल्या आहेत. म्हणजे गेम ही वाईट गोष्ट नाही. पैसे कसे घेतले जातात, ते बघायचं.

आता सेलचं बघू. त्या ताईचा मुलगा काही महिन्यांनी आईला म्हणाला, "एक गेम निम्म्या किमतीत मिळतोय, घेऊ का?" ताई घाबरून माझ्याकडे आली. निम्म्या किमतीत म्हणजे नक्की फसवणूक, असं तिला वाटलं. मलाही आधी तसंच वाटलं. मग आम्ही तिघांनी बसून माहिती काढली.

कॉम्प्युटरवरचे गेम विकणारी काही मोठी ऑनलाइन दुकानं आहेत. त्यातलं 'स्टीम' हे सगळ्यांत ओळखीचं. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते २००३ साली सुरू केलं आणि २०१५ पासून तिथं किमती रुपयांत दिसतात. वर्षातून ठरावीक वेळी तिथं मोठे सेल लागतात. त्यांचा 'समर सेल' जूनच्या शेवटाला येतो, आपल्याकडे पेरणीची घाई असते तेव्हा. दुसरा मोठा सेल डिसेंबरच्या शेवटी. निम्मी किंमत तर नेहमीचीच, जुन्या गेमवर शंभरातले ऐंशी रुपयेही कमी होतात.

एवढं स्वस्त त्यांना परवडतं कसं? आपल्याकडे केळीचा भाव पडतो, कारण माल थांबत नाही. घड तयार झाला की तोडावाच लागतो आणि पडलेल्या भावात शेतकरी बुडतो. गेमचं उलटं आहे. तो बनवायला वर्षानुवर्षं लागतात, पण एकदा बनला की दुसरी प्रत द्यायला जवळजवळ खर्च नाही. गोदाम नको, गाडीभाडं नको, नासाडी नाही. शिळी होते ती फक्त नवलाई. ज्यांना पहिल्या दिवशीच खेळायचा असतो ते पूर्ण पैसे मोजतात. वर्षभरानं किंमत उतरवली की थांबलेली माणसं घेतात. म्हणजे त्यात फसवणूक नाही. थांबणाऱ्याला तोच गेम स्वस्त पडतो, आणि बऱ्याचदा तोवर त्यातल्या चुकाही दुरुस्त झालेल्या असतात.

पण सेलची एक खोड आपल्याला साडीच्या दुकानावरून माहीत आहे. आषाढात सेल लागला की एक साडी घ्यायला गेलेली बाई तीन घेऊन येते आणि म्हणते, "नऊशे रुपये वाचले." वाचले कुठले? जास्तीचे गेले. गेमचंही तसंच आहे. ज्यांना हा छंद आहे त्यांच्याकडे स्वस्तात घेतलेले आणि कधीही न उघडलेले गेम पडून असतात. म्हणून आम्ही मुलाला सांगितलं, आवडलेल्या गेमची आधी यादी कर. स्टीमवर तशी यादी ठेवायची सोय आहे. त्यातल्या गेमची किंमत उतरली की दुकान स्वतः कळवतं. यादीत महिनोन्महिने टिकून राहिला तोच गेम घ्यायचा. सेल बघून नवीन काही यादीत घालायचं नाही.

पैशाचंही ठरलं. महिन्याला पन्नास रुपये एका डब्यात. आपल्या गटाच्या बचतीसारखंच, थोडं पण न चुकता. पाच महिन्यांत अडीचशे झाले. सेल लागला आणि त्याच पैशांत त्यानं 'स्टार्ड्यू व्हॅली' नावाचा गेम घेतला. लॅपटॉप जुनाच, पुण्याच्या मामानं दिलेला. पिन मात्र आईनं स्वतःच्या हातानं टाकला.

हा गेम २०१६ साली आला. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं राबून तो बनवला. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं त्याचंच. आणि गेम कशाचा, तर शेतीचा! आजोबांची पडीक जमीन नातवाला मिळते. दगड-तण काढायचं, बी पेरायचं, रोज पाणी घालायचं, कोंबड्या आणि गाई सांभाळायच्या, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या. ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक वाळून जातं, म्हणून कधी काय पेरायचं याचा हिशोब ठेवावा लागतो. आत दुकान आहे, पण ते खेळातल्या पैशांचं. आपल्या खात्याला हात लागत नाही. नंतर गेममध्ये नवीन भर पडली, तीही त्यानं आधी घेतलेल्यांना फुकट दिली.

ताई सुरुवातीला कपाळाला हात लावून म्हणाली, "इथं खऱ्या उसाला पाणी द्यायला रात्री उठायचं म्हटलं की ह्याला झोप येते, आणि तिथं रोज पाणी देतोय!" मग हळूहळू शेजारी बसून बघायला लागली. एक दिवस तिनं विचारलं, "ह्यात लाइट जात नाही का रे?" आता संध्याकाळी स्वयंपाक झाला की अर्धा तास ती स्वतः खेळते. कोंबड्यांचं खातं तिच्याकडे आहे. १,८७७ रुपयांत घरात रडारड झाली होती. अडीचशे रुपयांत मायलेक एकत्र बसायला लागले. फरक त्या मुलात नव्हता. पैसे कसे खर्च होतात हे दोघांना दिसायला लागलं, एवढंच.

आणि गेम परदेशातच बनतात असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली 'राजी' नावाचा गेम आणला, तो जगभर विकला गेला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती हातात शस्त्र घेऊन त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी असतात. कंपनी सुरू करणाऱ्यांत श्रुती घोष ही चित्रकार बाई आहे. आपल्या मुलींना हे जरूर सांगा. गेम खेळण्याइतकाच तो बनवणं हाही शिकण्याचा आणि कमाईचा रस्ता आहे.

आता विकत घेण्याआधी काय बघायचं, ते सांगते. पहिलं, आपल्या मशीनवर तो चालेल का? प्रत्येक गेमच्या पानावर कसला कॉम्प्युटर लागतो ते लिहिलेलं असतं. मोठे गेम साध्या लॅपटॉपवर चालतच नाहीत. दुसरं, नेट किती लागेल? मोठा गेम वीस-पन्नास जीबीचा असतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर तो उतरवता उतरवता महिना जाईल. शेतीच्या गेमसारखे लहान गेम बरे. तिसरं, परत करता येतो का? स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. चौथं, फुकट मिळतो का? एपिक नावाचं दुकान २०१८ च्या डिसेंबरपासून ठरावीक दिवसांनी एखादा विकतचा गेम फुकट देत आलं आहे. एक लक्षात ठेवा, असा घेतलेला गेम म्हणजे वापरायचा परवाना असतो. तो साडीसारखा दुसऱ्याला देता येत नाही किंवा विकता येत नाही.

व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर कुणी "दोन हजारांचा गेम शंभर रुपयांत, कोड पाठवतो" म्हणालं तर घेऊ नका. कोड चोरीचा असू शकतो, चालला तरी नंतर बंद पडू शकतो, आणि पैसे परत मागायला माणूस सापडत नाही. फुकटात हिरे देणारी लिंक आणि प्ले स्टोअरच्या बाहेरचं अॅप, दोन्हींपासून लांब राहा.

आता आपला फोन. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या गोल चिन्हावर बोट ठेवा आणि सेटिंग्जमध्ये जा. तिथं खरेदीची पडताळणी अशी सोय आहे. ती 'प्रत्येक खरेदीला' अशी करून ठेवा, म्हणजे पासवर्डशिवाय काही विकत घेता येणार नाही. पैसे पाठवायच्या अॅपमध्ये 'ऑटोपे' बघा. नको ती परवानगी दिलेली असेल तर तिथंच रद्द करता येते. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करा. पैसे मिळतीलच असं नाही, पण उशीर केला तर आशा कमीच. आणि कुणी फसवून पैसे नेले तर लगेच १९३० या नंबरला फोन करा. लाजू नका, वेळ घालवू नका.

तिसरा एक प्रकार आहे, पैसे लावायचे गेम. रमी, पत्ते, 'पैसे लावा आणि जिंका'. त्याला छंद म्हणू नका, तो जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं असे पैशांचे ऑनलाइन गेम चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा केला. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरात कुणी त्यात अडकला असेल तर लपवू नका, गटात बोला. त्यासाठी गटातून दुसऱ्या कारणाचं कर्ज मात्र काढू नका.

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं. पिन म्हणजे कपाटाची किल्ली. आपल्याला मोबाईल चालवता येत नाही म्हणून आपण ती पोराच्या हातात देतो आणि मग पोराला रागावतो. त्यापेक्षा पुढच्या बैठकीत एक काम करा. दहाही जणींनी आपापला फोन घेऊन या. स्वतःचा पिन बदला, खर्चाची यादी उघडा आणि स्वतः वाचा. ज्यांना येतं त्यांनी शेजारणीला शिकवा.

आणि छंद हवाच. पोरालाही हवा आणि आपल्यालाही हवा. महिन्याला पन्नास रुपये स्वतःच्या आनंदाला ठेवले म्हणून घर बुडत नाही. फक्त ते पन्नास रुपये हिशोबाच्या वहीत लिहा. त्या ताईच्या वहीत आता तशी ओळ आहे. दूध, किराणा, गटाचा हप्ता आणि त्याखाली तिच्याच अक्षरात 'खेळ, ५० रुपये'.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.